स्वस्ताईचे गणित : डीमार्टची वाढ आणि तिच्या पोटातली जोखीम

मये गावातील घराचा महिन्याचा बाजार सहसा एका ठिकाणी होत नाही. रोजचे किरकोळ सामान वाड्यावरच्या दुकानातून येते, भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून किंवा बुधवारी डिचोलीच्या आठवडी बाजारातून, आणि खरेदी थोडी मोठी असली तर शुक्रवारचा म्हापसा गाठला जातो. नारळ, सुपारी, काजू विकायला आणि जाताजाता किराणा घ्यायला सहकारी संस्थेचे दुकान असते. ही विभागणी कुणी आखून दिलेली नाही. रस्ते, बसगाड्या, पगाराची तारीख आणि दुकानदाराची ओळख यांतून ती आपोआप घडली आहे. मोठ्या साखळी दुकानांचा सारा व्यवसाय मात्र ही विभागणी मोडून महिन्याचा बाजार एका छपराखाली आणण्यावर उभा आहे. त्यामुळे अशी साखळी वाढते कशी आणि अडखळते कुठे, हा विषय केवळ शेअर बाजारात रस असलेल्यांपुरता राहत नाही.

भारतात या व्यवसायाचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण मुंबईचे आहे. ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स लिमिटेड हे कंपनीचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नाही. डीमार्ट म्हटले की सारे ओळखतात. कंपनीची नोंदणी २००० साली झाली आणि पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईच्या पवई भागात उघडले. संस्थापक राधाकिशन दमाणी हे त्यापूर्वी शेअर बाजारातील जाणकार गुंतवणूकदार म्हणून परिचित होते. दुकानदारी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय नव्हता. पण एक धागा मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. डीमार्ट सुरू करण्याआधी, १९९९ च्या सुमारास, दमाणी यांनी नवी मुंबईत नेरूळ येथे ‘अपना बाजार’ची शाखा चालवायला घेतली होती. अपना बाजार ही १९४८ साली मुंबईच्या नायगाव भागात, कामगारवस्तीत जन्मलेली ग्राहक सहकारी चळवळ. कामगाराला चांगला माल वाजवी दरात मिळावा, मधल्या नफ्यावर अंकुश बसावा, हा तिचा हेतू होता. दमाणी यांना त्या चौकटीतील व्यवहार पटला नाही आणि त्यांनी स्वतःची वाट धरली. तरीही वाजवी दराची मूळ कल्पना त्यांनी सोडली नाही. कामगारांच्या सहकारातून आलेला विचार एका भांडवलदाराने आपल्या पद्धतीने राबवला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

डीमार्टच्या दुकानात शिरल्यावर डोळे दिपावेत असे काही नसते. सजावट बेताची, रांगा लांब, आणि माल खोक्यांतून काढून सरळ फळीवर रचलेला. वर्षभर रोज कमी दर हे तिथले सूत्र आहे. सणासुदीला मोठी सूट आणि एरवी चढे भाव, ही रीत नाही. अमेरिकेत सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या वॉलमार्टने हेच सूत्र जगभर रूढ केले. सूत्र सांगायला सोपे आहे, पण ते पेलायला खर्च सतत कमी ठेवावा लागतो, आणि डीमार्टचे वेगळेपण त्या खर्चाच्या मांडणीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. बहुतेक साखळ्या दुकाने भाड्याने घेतात. डीमार्ट शक्यतो जागा विकत घेते किंवा प्रदीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेते. विकत घेताना एकरकमी मोठा पैसा अडकतो, पण पुढे दर तीन-चार वर्षांनी मालक भाडे वाढवील ही धास्ती उरत नाही. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या जागेत आज दुकान चालते तेव्हा शेजारच्या भाडेकरू दुकानापेक्षा तिथला खर्च कितीतरी हलका असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पुरवठादाराचे पैसे. या व्यवसायात माल घेऊन महिना-दीड महिना पैसे थांबवण्याची सवय सर्वत्र आहे. डीमार्ट साधारण आठवड्याभरात पैसे चुकते करते. त्याबदल्यात तिला दर उतरवून मिळतो आणि माल टंचाईतही वेळेवर येतो. गावच्या दुकानदारालाही हे तत्त्व अपरिचित नाही. रोख मोजणाऱ्याला घाऊक व्यापारी नेहमीच दोन पैसे सोडतो. फरक एवढाच, की हे तत्त्व हजारो कोटींच्या खरेदीला लावले गेले.

तिसरी गोष्ट संयमाची. कंपनीने देशभर एकदम पाय पसरले नाहीत. आधी महाराष्ट्र आणि गुजरात, मग तेलंगण, कर्नाटक, आंध्र प्रदेश, असे एका प्रदेशात दाट जाळे विणून मग पुढच्या प्रदेशात जाण्याचे धोरण ठेवले. एका गोदामातून जवळजवळची अनेक दुकाने पुरवता आली की वाहतूक स्वस्त पडते आणि त्या भागातील लोकांना कोणता तांदूळ लागतो, कोणते तेल खपते, याचा अंदाजही पक्का होतो. हिंदुस्थान युनिलिव्हरमधून २००४ मध्ये आलेले नेव्हिल नोरोन्हा पुढे कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, आणि दमाणी प्रसिद्धीपासून दूर राहत असल्याने हिशेबांचे बोलणे अनेक वर्षे त्यांच्याच नावाने होत राहिले.

मार्च २०१७ मध्ये कंपनीने भांडवल बाजारात पाऊल टाकले. १,८७० कोटी रुपयांची ही विक्री प्रतिशेअर २९९ रुपये दराने झाली आणि शंभर पटींहून अधिक मागणी आली. २१ मार्च रोजी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव दुपटीहून वर, ६४० रुपयांच्या घरात बंद झाला. त्या महिन्यात कंपनीची १३१ दुकाने होती. मार्च २०२० मध्ये ती २१४ झाली, मार्च २०२३ मध्ये ३२४, मार्च २०२४ मध्ये ३६५ आणि मार्च २०२५ मध्ये ४१५. एकूण विक्रीची जागा एक कोटी ७० लाख चौरस फुटांहून अधिक झाली. उलाढाल २०१६-१७ मध्ये सुमारे ११,९०० कोटी रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये ५९,३५८ कोटींवर गेली. आठ वर्षांत जवळपास पाचपट. यात महामारीची दोन वर्षेही धरलेली आहेत.

पडलेल्यांचा धडा

ही कमान समजून घ्यायची तर ज्यांची दुकाने बंद पडली त्यांच्याकडे पाहावे लागते. चेन्नईत १९९७ मध्ये सुरू झालेली सुभिक्षा ही साखळी औषधे, किराणा आणि भाजी स्वस्तात विकत होती. तिथेही सूत्र कमी दराचेच होते. २००८ पर्यंत तिची दुकाने १,६०० च्या आसपास गेली. पण विस्तार कर्जावर आणि भाड्याच्या जागांवर झाला होता. त्याच वर्षी जगभर पतपुरवठा आटला, हाती रोकड उरली नाही, पगार आणि भाडी थकली, आणि २००९ मध्ये दुकानांना एकामागून एक कुलपे लागली. ग्राहक येत नव्हता म्हणून ही दुकाने बंद पडली नाहीत. माल भरायला पैसे नव्हते म्हणून पडली. किरकोळ व्यापारातील मृत्यू बहुधा असाच येतो, फळ्या रिकाम्या होऊन.

किशोर बियाणी यांच्या फ्युचर समूहाची कथा अधिक मोठी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. बिग बझारचे पहिले दुकान २००१ मध्ये कोलकात्यात उघडले आणि मध्यमवर्गाला मोठ्या दुकानातल्या खरेदीची चटक या नावाने लावली. त्यासोबत कर्जाचा डोंगरही वाढत गेला. २०२० च्या टाळेबंदीने विक्री थांबली आणि ऑगस्ट २०२० मध्ये समूहाने आपला किरकोळ व घाऊक व्यापार २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सला देण्याचा करार केला. समूहातील एका कंपनीत आधीच ४९ टक्के हिस्सा घेतलेल्या ॲमेझॉनने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण सिंगापूरच्या लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरले. दरम्यान भाडी थकलेल्या अनेक दुकानांचे करार रिलायन्सने स्वतःच्या नावे करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने त्या दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. खटला चालू राहिला आणि ज्यावर खटला होता ती दुकाने हातची गेली. एप्रिलमध्ये कर्जदात्या बँकांनी मूळ करार नाकारला, जुलै २०२२ मध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला.

या दोन्ही घटनांपुढे डीमार्टची जागा विकत घेण्याची सवय ठेवून पाहिली की तिचा अर्थ उलगडतो. स्वतःच्या जागेतले दुकान महिनाभर बंद राहिले तरी कुणी कुलूप लावायला येत नाही. महामारीच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, कंपनीची उलाढाल २४,८७० कोटींवरून २४,१४३ कोटींवर आली आणि नफा १,३०१ कोटींवरून १,०९९ कोटींवर. घट खरी, पण जीवघेणी नव्हे. मागणी असूनही कपडे, भांडी, घरगुती वस्तू विकण्यावर त्या काळात निर्बंध होते आणि नेमका नफा त्याच वस्तूंत होता.

नफा कुठून येतो, कुठे गळतो

हा शेवटचा मुद्दा साखळी दुकानांच्या अर्थकारणाचा गाभा आहे. डीमार्टच्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा धान्य, तेल, मसाले, दूध अशा खाद्यवस्तूंचा असतो. साबण, टूथपेस्ट, धुलाईची पावडर यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. उरलेला पाव-एक हिस्सा कपडे, प्लास्टिकच्या बादल्या, भांडी, चादरी यांचा. तांदूळ-तेलावर नफा नाममात्र सुटतो. ग्राहक दारात यावा म्हणून तो स्वस्त असतो. आलेला ग्राहक जाताजाता मुलासाठी टी-शर्ट आणि स्वयंपाकघरासाठी डबा उचलतो, त्यावर दुकानाची कमाई होते. टोपलीत वरचा हिस्सा कमी पडू लागला की उलाढाल वाढूनही नफा मागे राहतो. महामारीनंतर कपडे व घरगुती वस्तूंचा वाटा पूर्वीच्या पातळीवर परतला नाही, याची चर्चा कंपनीच्या हिशेबांवर लक्ष ठेवणाऱ्यांत सतत होत आली आहे.

आकडे पाहिले तर हे ठळक दिसते. २०२३-२४ मध्ये उलाढाल ५०,७८९ कोटी आणि निव्वळ नफा २,५३६ कोटी होता. पुढच्या वर्षी उलाढाल सुमारे १७ टक्के वाढून ५९,३५८ कोटी झाली, पण नफा जेमतेम पावणेसात टक्के वाढून २,७०७ कोटींवर पोहोचला. शंभर रुपयांच्या विक्रीमागे पूर्वी जवळजवळ पाच रुपये उरत होते, ते साडेचारच्या आसपास आले. साबण-शाम्पूसारख्या वस्तूंत दरयुद्ध तीव्र झाले आहे आणि दुकानात काम करणाऱ्या नवख्या कामगारांचे पगार वाढवावे लागत आहेत, अशी कारणे कंपनीने दिली. पगारवाढ वाईट नव्हे, उलट स्वागतार्हच. पण शंभरात पाच रुपये मिळवणाऱ्या धंद्यात पन्नास पैसे इकडचे तिकडे झाले तरी दहावा हिस्सा नफा जातो, हे विसरून चालत नाही.

दरयुद्धाचे मुख्य कारण मोबाइलवर मागवून दहा-पंधरा मिनिटांत घरी येणारा किराणा आहे. झोमॅटोने २०२२ मध्ये विकत घेतलेली ब्लिंकिट, स्विगीची इन्स्टामार्ट आणि २०२१ मध्ये सुरू झालेली झेप्टो यांनी महानगरांत वस्तीवस्तीत छोटी गोदामे उघडली. त्यांची पहिली शिकार वाड्यावरचे दुकान होईल, असा सर्वांचा कयास होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र खुद्द डीमार्टने आपल्या तिमाही निकालासोबत मान्य केले, की प्रति चौरस फूट विक्री सर्वाधिक असलेल्या महानगरांतील तिच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. त्या तिमाहीत किमान दोन वर्षे जुन्या दुकानांची विक्री वाढ साडेपाच टक्क्यांवर आली होती. २०१६-१७ मध्ये हीच वाढ २१ टक्क्यांवर होती. बातमीनंतरच्या व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी शेअरचा भाव आठ टक्क्यांहून अधिक कोसळला. डीमार्टची स्वतःची ऑनलाइन सेवा, डीमार्ट रेडी, २०१७ च्या सुमारास मुंबईत सुरू झाली खरी, पण तिचे तत्त्व वेगळे आहे. मोठी मागणी, ठरलेली वेळ, आणि सुरुवातीला शक्यतो ग्राहकाने केंद्रावर येऊन न्यावे. दहा मिनिटांच्या शर्यतीत उतरायचे की नाही, या प्रश्नावर कंपनीने आजवर संयम राखला आहे. संयमाने या कंपनीला मोठे केले, पण स्पर्धकांच्या हाती गुंतवणूकदारांचा पैसा वाहत असताना संयम महागही पडू शकतो.

शेअरच्या भावाची जोखीम वेगळीच. गोव्यातही पगारदार तरुण आता म्युच्युअल फंड आणि शेअरमध्ये हप्त्याने पैसे घालू लागले आहेत, म्हणून तिचा उल्लेख हवा. मार्च २०२५ च्या सुमारास डीमार्टच्या शेअरचा भाव कंपनीच्या वार्षिक प्रतिशेअर नफ्याच्या नव्वद ते शंभर पट होता. चांगली कंपनी आणि चांगली गुंतवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर पट किंमत मोजणारा पुढच्या कित्येक वर्षांच्या वाढीचे पैसे आजच देऊन बसतो, आणि वाढ एका वर्षी जरी मंदावली तरी भाव कंपनीच्या चुकीशिवाय घसरतो. त्यात नेतृत्वबदलाची भर पडली. नोरोन्हा यांच्यानंतर युनिलिव्हरमधूनच आलेले अंशुल आसावा यांच्याकडे फेब्रुवारी २०२६ पासून सूत्रे देण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. जवळजवळ तीन चतुर्थांश मालकी अजून दमाणी कुटुंब आणि त्यांच्या संस्थांकडे आहे. त्यामुळे धोरण अचानक उलटेल अशी भीती कमी, पण सारे काही एका माणसाच्या विवेकावर टेकलेले, ही स्थितीही कायम.

एका दुकानाला किती घरे लागतात

आता हे सारे डिचोली तालुक्याच्या मापाने मोजून पाहावे. ऑनलाइन विक्री वगळली तर डीमार्टच्या एका दुकानाची सरासरी विक्री वर्षाला सुमारे १४८ कोटी रुपये पडते, म्हणजे दिवसाला चाळीस लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेनुसार डिचोली तालुक्याची लोकसंख्या लाखाच्या किंचित आत आहे. घरे साधारण बावीस हजार धरावीत. सरासरीचे दुकान इथे चालवायचे तर मये, पिळगाव, शिरगाव, साखळीपासून थेट टोकाच्या वाड्यापर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक घराने दरमहा साडेपाच हजारांहून अधिक रुपये त्या एकाच दुकानात खर्च करावे लागतील. पेडणे तालुका तर लोकसंख्येने पाऊण लाखाचा. ही सरासरी महानगरांतील गजबजलेल्या दुकानांनी फुगवलेली आहे आणि लहान गावांत विक्री कमी असली तरी कंपनी दुकान चालवते, हे मान्य केले तरी गणिताचा रोख बदलत नाही. असे अवाढव्य दुकान तालुक्याच्या मध्यावर उभे राहत नाही. ते दोन-तीन तालुक्यांचे ग्राहक ओढता येतील अशा नाक्यावर, रुंद रस्त्याकडेला आणि गाड्या लावायला प्रशस्त आवार असलेल्या ठिकाणी उभे राहते. बार्देशची लोकसंख्या २०११ मध्ये २ लाख ३७ हजारांच्या घरात होती आणि पर्यटक वेगळे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली आणि रुंद झालेला महामार्ग पेडण्याला म्हापशाच्या आणखी जवळ घेऊन आला. म्हणजे डिचोलीच्या दुकानदाराला धोका डिचोलीत येणाऱ्या दुकानाकडून नाही. तो अर्ध्या तासाच्या अंतरावरून येतो, आणि बुधवारच्या बाजारात तो डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरा अडसर जमिनीचा, आणि मयेचे नाव इथे विशेष अर्थाने येते. जागा विकत घेऊन वाढणाऱ्या साखळीला निर्वेध मालकीचा दस्तऐवज लागतो. गोव्यात तो मिळवणे ही साधी बाब नाही. कोमुनिदादीच्या जमिनी, कूळ-मुंडकारांचे हक्क, एकाच पटावर असलेली डझनभर वारसांची नावे, प्रादेशिक आराखडा २०२१ मधील विभागणी आणि जमीन महसूल संहितेखालील रूपांतराची सनद, या सगळ्यांतून वाट काढावी लागते. मयेत तर प्रश्न याहून मूलभूत होता. पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या मालकीमुळे मुक्तीनंतर गावातील जमिनी स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात राहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या, घर बांधून राहणाऱ्या मयेकरांना स्वतःच्या अंगणाचा कागद दाखवता येत नव्हता. दीर्घ आंदोलनानंतर विधानसभेने २०१४ मध्ये या जमिनींवरील मालकी, किताब आणि दाने रद्द करणारा कायदा केला आणि नंतर टप्प्याटप्प्याने सनदांचे वाटप झाले. सनद हाती आली की बँकेचे कर्ज मिळते, दुकान वाढवता येते, आणि विकायची झाल्यास जमीन विकताही येते. ज्या कागदामुळे मयेचा लहान दुकानदार बळकट होतो, त्याच कागदामुळे मोठ्या खरेदीदारालाही वाट खुली होते, ही गोष्ट गावाने डोळ्यांआड करू नये.

साखळी दुकानाला न जमणारी एक गोष्ट वाड्यावरचा दुकानदार करतो, ती म्हणजे उधारी. डिचोली तालुक्याचे पोट अनेक वर्षे खाणींवर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने ८८ लीज रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी यांवर चालणारी घरे एका फटक्यात रोख उत्पन्नाला मुकली. अशा काळात वहीत नाव लिहून तांदूळ देणारा दुकानदार घराला तगवतो, पण त्याचे स्वतःचे भांडवलही त्या वहीतच अडकून पडते. लिलावानंतर डिचोली खनिज गट, ज्यात मयेचाही भाग येतो, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. ज्या तालुक्याचे उत्पन्न असे चढते-उतरते, तिथे रोखीने आणि एकरकमी खरेदी करणाऱ्या ग्राहकावर आधारलेले दुकान जपून पाऊल टाकते. उधारी देणारा मात्र मागे हटू शकत नाही, कारण त्याचे घरही त्याच वाड्यावर असते.

गोव्यात साखळीची कल्पना नवीन नाही. मॅगसन्स, डेल्फिनोज यांसारखी स्थानिक दुकाने शहरी आणि पर्यटकी ग्राहकाला ओळखून वाढली. फोंडा येथे मुख्यालय असलेल्या गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्थेने शेतकऱ्याची सुपारी, नारळ, काजू विकत घेण्याबरोबर गावोगावी किराणा बाजार चालवले. सरकारी फलोत्पादन महामंडळाचे गाडे अनुदानित दरात भाजी देतात, जरी त्यातील बरीचशी भाजी बेळगावहून येते. या तिघांचे बळ वेगवेगळे आहे, पण एका बाबतीत सहकारी संस्थेची स्थिती निराळी आहे. तिचा ग्राहक बहुधा तिचा पुरवठादार आणि सभासदही असतो. हेच नाते अपना बाजारच्या मुळाशी होते. पुढे खरेदीतील शिस्त, शाखांवरील देखरेख आणि मालाची फिरत या बाबतीत खासगी स्पर्धेपुढे ती चळवळ मागे पडली.

या शिस्तीसाठी हजार कोटी लागत नाहीत. पुरवठादाराला आठवड्यात पैसे देणे, न खपणाऱ्या शंभर जिनसांऐवजी खपणाऱ्या साठ ठेवणे, आणि बेळगावहून येणारा भाजीचा ट्रक दोन-तीन संस्थांनी मिळून भरणे, एवढे तालुक्याच्या पातळीवरही करता येते. डिचोली, साखळी, पेडणे येथील किराणा दुकानदारांनी तेल, साखर, डाळीची घाऊक खरेदी एकत्र केली तर पोत्यामागे सुटणारा फरक कुणा एकाला मोठा वाटणार नाही. पण मोठ्या दुकानालाही शंभरामागे साडेचार-पाच रुपयेच उरतात, आणि वाड्यावरच्या दुकानाची लढाई त्याच रुपया-दोन रुपयांच्या फरकाशी आहे.